ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची जोड

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतले रस्ते ट्रॅक्टरांनी भरून जातात. पुढे एक ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, हे दृश्य आपल्या इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही. पण जरा हिशेब करून पाहा. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण २ टन. मागच्या दोन ट्रॉल्यांतला ऊस मिळून १५ टन, कधी २० टनसुद्धा; शिवाय ट्रॉल्यांचे वजन वेगळेच. 'नाकापेक्षा मोती जड' अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर मोती नाकाच्या आठ-दहा पट जड! आणि हा सगळा भार ट्रॅक्टरला कशाने जोडलेला असतो? तर अंगठ्याहून थोड्या जाड अशा एका लोखंडी पिनेने.

ट्रॅक्टर घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. अश्वशक्ती किती, डिझेल किती पितो, टायर कसे आहेत, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतील की नाही, सगळे विचारतो. ट्रॉली बनवून घेताना पत्रा किती जाड घालायचा, फाळके किती उंच ठेवायचे, हेही बजावून सांगतो. पण या दोहोंमधली जोड कशी असावी, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पिन हरवली तर सळईचा तुकडा घालून वेळ मारून नेतो. आणि ज्या दिवशी ती जोड सुटते, त्या दिवशी चढावरून मागे घरंगळत येणारी ट्रॉली कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो. ट्रॉलीत नेहमी ऊसच असतो असेही नाही बरं का. हंगामाच्या सुरुवातीला बीड जिल्ह्यातून निघालेली ऊसतोडणी कामगारांची बिऱ्हाडे, त्यांची भांडीकुंडी आणि तान्ही मुले अशाच ट्रॉल्यांतून शेकडो किलोमीटरचा प्रवास करतात.

म्हणून या जोडीविषयी चार गोष्टी समजावून घेऊ. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. ज्याने बैलगाडी हाकली आहे, त्याला त्यातल्या निम्म्या गोष्टी आधीच ठाऊक आहेत.

तेव्हा बैलगाडीपासूनच सुरुवात करू. गाडी भरताना ओझे आखाच्या मागे जास्त पडले तर काय होते? गाडी उलाळ होते. दांडी वर उचलली जाते, जू मानेवरून निघू पाहते आणि बैलांच्या गळ्याला जोते आवळते. उलट ओझे पुढे जास्त झाले, तर सगळा भार बैलांच्या खांद्यावर येतो आणि खांदे सुजतात. म्हणून जाणता गाडीवान ओझे असे रचतो की जू मानेवर नीट टेकून राहावे, पण मान दबू नये.

दोन चाकांच्या ट्रॉलीला हाच न्याय लागू आहे. फक्त बैलांच्या मानेच्या जागी ट्रॅक्टरचा हूक आला एवढेच. माल मागे जास्त झाला तर ट्रॉलीची दांडी हूक वर उचलू लागते. ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. ओढण्याचे काम मागचीच चाके करतात आणि ब्रेकही त्यांनाच असतात. ती हलकी झाली म्हणजे चढावर जागच्या जागी फिरतात आणि उतारावर ब्रेक दाबूनही घसरतात. शिवाय जरा वेग घेतला की ट्रॉलीचे शेपूट डावी-उजवीकडे डुलू लागते. उलट माल फार पुढे झाला तर दांडी हूक खाली दाबते आणि ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते. पुढची चाके जमिनीला नुसती शिवत राहतात आणि स्टेअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही.

मग किती भार योग्य? युरोपातल्या ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत यासाठी एक सोपा नियम दिलेला असतो. ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर शिल्लक राहिला पाहिजे. म्हणजे २ टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर कमीत कमी ४०० किलो. हे पाहायचे कसे, असे तुम्ही म्हणाल. भरलेली ट्रॉली जोडलेली असतानाच वजनकाट्यावर ट्रॅक्टरची फक्त पुढची चाके चढवा आणि आकडा वाचा. एकदा असे वजन करून पाहिले की ट्रॉली कुठपर्यंत आणि कशी भरायची याचा अंदाज डोळ्यांत बसतो. चार चाकांच्या ट्रॉलीची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती आपला भार आपणच पेलते, हूकवर मुख्यतः ओढच येते. पण ओढ काही कमी नसते, ते पुढे पाहूच.

आता दुसरी गोष्ट, जोडण्याच्या जागेची. ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहिलात तर काही अडकवता येईल अशा तीन-चार जागा दिसतात. सगळ्यांत खाली ड्रॉबारची जाड पट्टी. तिच्या आसपास ट्रॉलीसाठी म्हणून कारखान्याने दिलेला हूक. त्याची उंची बदलता यावी म्हणून पुष्कळदा वरखाली भोके असतात. दोन्ही बाजूंना हायड्रॉलिकने वरखाली होणारे दोन हात. आणि सगळ्यांत वर मधोमध, नांगर किंवा रोटाव्हेटर जोडताना लागणाऱ्या तिसऱ्या दांड्याचा कान. ट्रॉली फक्त खालच्या जागी, म्हणजे ड्रॉबारला किंवा ट्रॉलीच्या हूकलाच जोडायची, आणि तीही पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीलाच. वरच्या कानाला कधीही नाही. चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना 'वर बांधली तर जोर चांगला बसेल' असे म्हणून पुष्कळ जण तिथेच दोर किंवा साखळी अडकवतात. तिथे गाठ मृत्यूशी असते.

हे असे का, ते आकड्यांनी पाहू. समजा ट्रॅक्टर २ टनांचा आहे. त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर आहेत आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर १.९ मीटर आहे. ट्रॅक्टरचे तोंड जमिनीवर दाबून ठेवणारा जोर झाला ८०० गुणिले १.९, म्हणजे १५२०. आता अडकलेल्या ट्रॉलीची ओढ दीड टन, म्हणजे १५०० किलो धरा. ती जमिनीपासून ०.४५ मीटरवर, म्हणजे साधारण दीड फुटावर लागली, तर तोंड उचलणारा जोर होतो ६७५. दाबणाऱ्या जोराच्या निम्म्याहूनही कमी. ट्रॅक्टर निर्धास्त. पण तीच ओढ दुप्पट उंचीवर, ०.९ मीटरवर लागली, तर तोंड उचलणारा जोर १३५० होतो. आता हातात उरले किती? अवघे १७०. त्यात ट्रॅक्टर चढावर असला किंवा क्लच झटक्याने सोडला, की हेही संपतात. ट्रॅक्टरचे तोंड आकाशाकडे जाते आणि तो चालकाला खाली घेऊन मागे उलटतो. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे घडते. उडी मारायला, क्लच दाबायला सवड मिळत नाही.

खालच्या जोडीचा आणखी एक गुण असा, की तोंड थोडे उचलले तर मागची जोडीची जागा आपोआप खाली जाते. ओढीची उंची त्यामुळे कमी होते आणि तोंड पुन्हा खाली येऊ पाहते. वर बांधलेली साखळी ही सवलत देत नाही.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १९१७ साली अमेरिकेत फोर्डसन ट्रॅक्टर निघाला. हलका आणि स्वस्त म्हणून तो भराभर खपला. पण मागे ओढीत नेलेला नांगर एखाद्या बुंध्यात अडकला की तो घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राही. त्यात अनेक चालक दगावले. उत्तर आयर्लंडातल्या हॅरी फर्ग्युसन या माणसाने त्यावर उपाय शोधला. नांगर नुसता मागे ओढीत न नेता त्याने तो तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला. वरचा दांडा असा बसवला की नांगराला जमिनीचा विरोध झाला म्हणजे तो दांडा ट्रॅक्टरला पुढे दाबतो आणि तोंड उलट खालीच राहते. १९३९ साली फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरमध्ये ही रचना आली आणि नंतर ती जगभर पसरली. आज आपल्या गावातल्या ट्रॅक्टरच्या मागे दिसणारे ते तीन हात फर्ग्युसनचेच. पण ते नांगरासाठी, औजारासाठी आहेत. ट्रॉली हे औजार नव्हे. ट्रॉलीसाठी वरच्या कानाचा उपयोग करणे म्हणजे फर्ग्युसनने टाळलेला धोका आपल्या हाताने परत बोलावणे होय.

तिसरी गोष्ट पिनेची. २० टनांचा भार २० फुटांत १ फूट चढणाऱ्या रस्त्याने ओढायचा, तर नुसत्या चढासाठी १ टन ओढ लागते. रस्त्याचा विरोध वेगळा, आणि शेतातल्या भुसभुशीत मातीत तो कितीतरी पटीने वाढतो. पण पिनेचा खरा वैरी ही सारखी ओढ नव्हेच. खरा वैरी आहे झटका. खिळ्यावर हातोडी नुसती टेकवून ठेवली तर खिळा जागचा हलत नाही. तीच हातोडी हाणली की खिळा लाकडात शिरतो. पिन आणि ट्रॉलीच्या दांडीचे कडे यांच्यामध्ये मोकळी जागा असली, की दर वेळी ट्रॅक्टर आधी तेवढा पुढे सरकतो आणि मग ट्रॉलीला हिसका बसतो. ब्रेक दाबला की ट्रॉली मागून येऊन धडकते. दिवसातून शेकडो वेळा हा हातोडा पिनेवर पडत असतो. जोडीतून खडखड आवाज येतो तो याचाच. त्या आवाजाची सवय करून घेऊ नका.

पिन बारीक झाली तर काय बिघडते, असे वाटेल. तर त्याचेही गणित पाहा. पिन कातरली जाण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते, आणि वाकण्याविरुद्धची ताकद घनाप्रमाणे. ३० मिलिमीटरची पिन झिजून २४ मिलिमीटर झाली, तर जाडी फक्त पाचव्या हिश्शाने कमी झाली. पण कातरण्याविरुद्धची ताकद एक तृतीयांशाहून जास्त गेली आणि वाकण्याविरुद्धची जवळजवळ निम्मी. म्हणून पिन काढून तिच्या अंगावरून नख फिरवा. झिजेची पायरी नखाला लागली, पिन जराही वाकलेली दिसली किंवा तिच्यावर केसासारखी चीर दिसली, की ती टाकून द्या आणि हूकच्या मापाची नवी घ्या.

पिनेच्या जागी काय घालू नये हेही सांगतो. बांधकामाच्या सळईचा तुकडा घालू नये. तिच्या अंगावर धारा असतात, त्यामुळे ती भोकात सारखी टेकत नाही, आणि तिला वर डोके नसते. साधा बोल्ट घालू नये. त्याचे आटे ओढीच्या जागी आले की पहिली चीर आट्याच्या खाचेतूनच सुरू होते. ठोकून सरळ केलेली जुनी पिनही नको. एकदा वाकलेले लोखंड सरळ दिसले तरी त्याची पहिली ताकद परत येत नाही. पिनेला वर डोके किंवा कडी हवी, म्हणजे ती खाली गळून पडणार नाही. खालच्या टोकाला भोक आणि त्यात चिमट्यासारखी लॉक पिन हवी, म्हणजे उसळी बसली तरी ती वर निघून येणार नाही. त्या भोकात तार पिळून बसवणे म्हणजे तात्पुरते समाधान.

पिन बसते तो जबडाही तपासा. जबड्याला वर एक आणि खाली एक अशा दोन पट्ट्या असाव्यात आणि ट्रॉलीचे कडे त्यांच्यामध्ये असावे. मग पिनेला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, आणि ती तुटायची तर दोन ठिकाणी कातरली जावी लागते. एकाच पट्टीवर कडे ठेवून वरून पिन सोडली तर तिचे खालचे टोक अधांतरी राहते आणि ती वाकणार हे ठरलेलेच. पट्ट्यांची भोके लांबट झाली असतील तर नवी पिन घालूनही खडखड थांबणार नाही. अशा वेळी जबडा बदला. हूक किंवा जबडा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात भरून घेण्याची पद्धत आहे, पण ती बरी नव्हे. या वस्तू तापवून-थंड करून कणखर केलेल्या असतात. वेल्डिंगच्या आचेने तिथले पाणी उतरते, आणि वरून जाडजूड दिसणारा भाग आतून कच्चा राहतो.

दांडीच्या कड्याविषयी एवढेच लक्षात ठेवा, की ते पिनेच्या मापाचे हवे, पण जबड्यात आवळून बसणारे नको. शेताचा बांध ओलांडताना ट्रॅक्टर वर आणि ट्रॉली खाली अशी स्थिती होते. तेव्हा कड्याला वरखाली डोलायला थोडी जागा लागते. ती नसेल तर पिन पहारीसारखी उचकटली जाते. कड्याची आणि हूकची उंची सारखी आहे ना, तेही सपाट जमिनीवर ट्रॉली जोडून पाहा. ट्रॉलीचा सांगाडा जमिनीला समांतर दिसला पाहिजे.

इथे परदेशातल्या एका जोडीची थोडी माहिती देतो. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात ज्यांची मुले-नातवंडे आहेत, त्यांनी तिकडे मोटारीमागे होडी किंवा सामानाची छोटी गाडी ओढून नेताना पाहिली असेल. तिथे पिनेऐवजी मोटारीच्या मागे लोखंडी गोळा असतो आणि मागच्या गाडीच्या दांडीला वाटी. वाटी गोळ्यावर बसवून खालून खटका लावायचा. गोळा असल्यामुळे गाडी सगळ्या दिशांना सहज डोलते आणि खडखड होत नाही. पण तिथेही सारे काही मापावरच. अमेरिकेत १ ७/८ इंच, २ इंच आणि २ ५/१६ इंच अशी गोळ्यांची मुख्य मापे आहेत. युरोपात ५० मिलिमीटरचा गोळा चालतो. २ इंचांची वाटी १ ७/८ इंचाच्या गोळ्यावर बसते, खटकाही लागतो, पण रस्त्यातल्या पहिल्या मोठ्या खड्ड्यात वाटी उडून निघते. जे बसते ते मापाचे असतेच असे नाही, हा धडा आपल्या पिनेलाही लागू आहे.

गोळ्यावर त्याचे माप आणि तो किती वजन ओढू शकतो तो आकडा कोरलेला असतो. गोळा बसवताना त्याचा खालचा दांडा पट्टीच्या भोकात नेमका बसला पाहिजे. खाली स्प्रिंग वॉशर घालून नट ठरल्या जोराने आवळला पाहिजे आणि नटात आटे पुरेपूर गेले पाहिजेत. मग वाटी बसवून, खटका लावून, जॅकने दांडी वर उचलून पाहतात. दांडीबरोबर मोटारीचा मागचा भागही उचलला गेला तर जोड पक्की. वाटी नुसतीच वर आली तर माप चुकले किंवा खटका लागला नाही. आणि ओढायचे वजन ठरवताना मोटार, पट्टी, गोळा, वाटी या सर्वांत ज्याचा आकडा सगळ्यांत लहान असेल, तोच खरा धरतात. आपल्याकडेही हिशेब असाच करावा. ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीचा आहे म्हणून पिन ५० अश्वशक्तीची होत नाही.

चौथी गोष्ट, साखळी. पिन तुटलीच तर काय, याचे उत्तर म्हणजे साखळी. पुष्कळ ट्रॉल्यांना ती नसते, किंवा असली तर फाळके बांधायला वापरलेली असते. साखळी ट्रॉलीच्या दांडीपासून ट्रॅक्टरच्या मजबूत सांगाड्यापर्यंत जावी. ती पिनेला किंवा पिनेच्या जबड्याला अडकवू नका. जे तुटेल म्हणून ती लावायची, त्यालाच बांधली तर तिचा उपयोग काय? दोन साखळ्या घेऊन त्या दांडीखालून फुलीसारख्या एकमेकींवरून नेल्या, म्हणजे फार चांगले. दांडी सुटली तर ती जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. साखळीला ढील इतकीच ठेवा की वळताना ती ताणू नये. जमिनीवर लोळेल एवढी नको. आणि साखळी भरलेल्या ट्रॉलीचे वजन सोसेल अशी असावी. गुरे बांधायची साखळी इथे कामाची नाही.

आता ट्रॉली जोडण्याच्या रीतीविषयी. ट्रॅक्टर मागे घेताना एक गडी दांडी उचलून धरतो आणि दुसरा पिन घेऊन मध्ये उभा राहतो, हे आपण रोज पाहतो. ट्रॅक्टरचे मोठे चाक आणि ट्रॉलीची दांडी यांच्यामधली ती जागा माणसाची नाही. चालकाचा पाय क्लचवरून सटकला की मधला माणूस चिरडला जातो. रीत अशी असावी. ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. दांडीखाली जॅक किंवा घडवंची ठेवून कडे हूकच्या उंचीला आणा. मदतनीस बाजूला, चालकाला दिसेल असा उभा राहून हाताने खुणावेल. हूक कड्याशी आला की चालक थांबेल, गिअर न्यूट्रलला घेईल, हातब्रेक लावील आणि 'ये' म्हणेल. तेव्हाच मदतनिसाने मध्ये जायचे, पिन घालायची, लॉक पिन लावायची, साखळ्या अडकवायच्या. या सगळ्याला दोन मिनिटे जास्त लागतील. लागू द्या. आणि चालत्या ट्रॉलीच्या दांडीवर कोणालाही बसू देऊ नका, मग तो घरचा मुलगा असो की गावचा पाहुणा.

जोड कितीही चांगली असली तरी उतारावर तिच्यावर भलता प्रसंग आणू नये. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टरने थोपवायचा असतो. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये. शेतात वळताना सोयीसाठी ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक वेगळे ठेवलेले असतात. रस्त्यावर येताच दोन्ही पेडल एकमेकांना जोडून घ्यावीत. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागतो, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागची ट्रॉली त्याला बाजूने ढकलते. दोन ट्रॉल्या असतील तर जड ट्रॉली पुढे आणि हलकी मागे. पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हूकवर दुसऱ्या ट्रॉलीची सगळी ओढ येते, तेव्हा तिथली पिन, लॉक आणि साखळी पुढच्याइतकीच चोख हवी. मागची म्हणून तिला उरलीसुरली पिन देऊ नका.

शेवटी एक सुचवावेसे वाटते. खंडेनवमीला आपण औजारांची पूजा करतो. ट्रॅक्टर धुऊन, हार घालून, हळदकुंकू वाहून त्याला नमस्कार करतो. उसाचा हंगामही त्याच सुमारास तोंडावर आलेला असतो. या वर्षी पूजेआधी ट्रॅक्टर धुताना मागच्या बाजूलाही बसा. पिन काढा, पुसा, नख फिरवून पाहा. जबड्याची भोके, दांडीचे कडे, साखळीचा एकेक दुवा उजेडात धरून पाहा. जे झिजले असेल ते त्याच दिवशी बदला, नव्या पिनेला ग्रीस लावा आणि मगच ती जागेवर बसवा. एक जादा पिन आणि दोन लॉक पिना चालकाच्या पेटीत ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री वाटेत सळईचा तुकडा शोधण्याची पाळी येणार नाही. पुढे हंगामभर रोज सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी एकदा मागे फेरी मारून पिन, लॉक आणि साखळी हाताने हलवून पाहायची, हे काम चालकाकडे सोपवून द्या; आणि तो विसरला तर आठवण करा. ट्रॉलीत बसून येणाऱ्या मायलेकरांना ती पिन दिसत नसते. त्यांच्या वतीने ती तुम्हीच पाहायची आहे.